'पाळी येणाऱ्या व्यक्ती' म्हटलं तर बायकांचा अपमान होतो का? एका मेडिकलवालीचं उत्तर

तुमचा प्रश्न असा की परदेशातल्या कंपन्या पॅडच्या जाहिरातीत "महिला" न म्हणता "पाळी येणाऱ्या व्यक्ती" म्हणायला लागल्यात, यात बायकांचा अपमान नाही का, आणि उद्या आपल्या कोकणात कुणी असं लिहिलं तर लोकांना ते कळेल तरी का.

मालवण-कुडाळच्या मधल्या एका गावात आमचं मेडिकल आहे, मी आणि नवरा मिळून चालवतो, एकोणीस वर्षं झाली. म्हणजे पॅड विकायचा अनुभव भरपूर, भाषाशास्त्राचा शून्य, तेवढं धरून चाला.

आधी तिकडचं भांडण काय होतं ते सांगते, कारण व्हॉट्सॲपवर त्याचं भलतंच काहीतरी फिरत असतं. आपल्याकडे विस्पर विकणारी प्रॉक्टर अँड गँबल कंपनी तिकडे ऑल्वेज नावाने पॅड विकते. त्याच्या वेष्टनावर बाईचं चिन्ह असायचं, गोल आणि त्याखाली अधिक, जीवशास्त्राच्या पुस्तकात असतं ते. काही ट्रान्स पुरुषांनी, म्हणजे शरीर जन्माने मुलीचं पण स्वतःला पुरुष मानणारे, त्यांनी आणि त्यांच्या बाजूच्या लोकांनी कंपनीला कळवलं की आम्हालाही पाळी येते, ते चिन्ह काढा. ऑक्टोबर २०१९ मध्ये कंपनीने काढतो म्हणून सांगितलं, की लगेच बहिष्कार घाला वगैरे सुरू. मग जून २०२० मध्ये एका लेखाच्या मथळ्यात "पाळी येणारे लोक" अशा अर्थाचे शब्द होते, त्यावर हॅरी पॉटर लिहिणाऱ्या जे. के. रोलिंगबाईंनी ट्विटरवर टोमणा मारला की अशा लोकांसाठी एक शब्द होता ना. आणि त्याच वर्षी सप्टेंबरात टॅम्पॅक्स नावाने टॅम्पॉन (पाळीत आत ठेवायची कापसाची गुंडाळी) विकणाऱ्यांनी ट्विट केलं की सगळ्याच बायकांना पाळी येत नाही, आणि पाळी येणाऱ्या सगळ्यांनाच बाई म्हणता येत नाही. त्यावरून परत राडा.

आता टॅम्पॅक्सच्या वाक्यातला तो पहिला अर्धा भाग आहे ना, तो वाचून मला अजिबात राग आला नाही, कारण चार वर्षांपूर्वी माझी पिशवी काढली. गाठी होत्या, रक्त थांबत नव्हतं. ऑपरेशननंतर शेजारची एक जण भेटायला आली आणि जाताना म्हणाली, "सुटलंस गो, पण आता बाईपण काय रवला नाय." तिला वाईट बोलायचं नव्हतं, ते मला माहीत आहे, पण रात्रभर ते वाक्य डोक्यात फिरत होतं. बीडकडच्या ऊसतोडणीच्या बायकांच्या बातम्या २०१९ मध्ये आल्या होत्या, खाडा झाला की मुकादम दंड लावतो म्हणून ऐन तरुणपणात पिशव्या काढून घेतलेल्या. त्या काय बायका राहिल्या नाहीत? माझी सासू अठ्ठ्याहत्तरची, ती? तेव्हा पाळी म्हणजेच बाई ही व्याख्या तुटली तर माझं काही बिघडत नाही, बरंच वाटतं.

पण "व्यक्ती" या शब्दाची मला गंमत वाटते. इंग्रजीत तो शब्द ना बाई ना बाप्या असेल, मराठीत "व्यक्ती" स्त्रीलिंगीच की हो! ती व्यक्ती आली, ती व्यक्ती गेली. म्हणजे ज्या ट्रान्स मुलाला "ती" नको म्हणून एवढा खटाटोप करायचा, त्याला आपण फिरून "ती"च करून ठेवतो. भाषांतर करणाऱ्यांच्या हे लक्षात येत नाही का कोण जाणे.

आणि खरं सांगू का, मराठीला हा शब्द लागतच नाही. "मला पाळी आली" हे वाक्य घ्या. बाई बोलली तरी तेच, पुरुष बोलला तरी तेच, कारण आली ती पाळी, बोलणाऱ्याचं लिंग त्या वाक्यात कुठे दिसतंच नाही. तसंच "ज्यांना पाळी येते त्यांच्यासाठी", यात ते, त्या, ती सगळे बसतात. आमच्या मालवणीत तर "मी येतंय" बाप्याही म्हणतो आणि बाईही म्हणते, आणि चेडू म्हणजे मुलगी, ती "ता चेडू", सरळ नपुंसकलिंगी. आणि पाळीसाठी आपण आजवर काय काय शब्द वापरले बघा, अडचण आहे, बाहेरची आहे, कावळा शिवला, लांब बसलेय, चार दिवस. यात बाई कुठे आहे? पाळीसुद्धा नाही! आपल्या आज्यांनी बाईचं नाव न घेताच हे सगळं निभावलं, पण ते कुणाला मान द्यायचा म्हणून नाही, तर लाजेने, विटाळाने. म्हणून नाव न घेणं म्हणजे आपोआप पुढारलेपण असं मला वाटत नाही. विस्परने २०१४ मध्ये लोणच्याला हात लावा अशी जाहिरात केली होती, आठवत असेल, त्यात मुलगी होती म्हणूनच ती लागली. लोणच्याच्या बरणीपासून कुणाला लांब ठेवतात हे सांगायला मुलगीच दाखवावी लागणार ना.

दुकानात काय होतं ते सांगते. पॅड घ्यायला निम्मे पुरुष येतात, नवरे, बाप, भाऊ. एक तांडेल आहे, होडीवरून उतरून थेट येतो, हाताला मासळीचा वास, आणि हळूच म्हणतो, "वयनी, चेडवासाठी ता पाकीट." ता म्हणजे काय ते मला कळतं. मी काउंटरवर तसंच ठेवते, तो म्हणतो कागदात गुंडाळा. वेष्टनावर "फॉर हर" लिहिलंय का गुलाबी फूल काढलंय त्याने त्याला काही फरक पडत नाही, त्याला कागद पाहिजे. आणि गणपतीच्या आधीचे पंधरा दिवस तर विचारूच नका, पॅड राहिले बाजूला, पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या मागायला रांग. मुंबईहून येणाऱ्या चाकरमान्यांच्या सुना तर आदल्या रात्री फोन करून ठेवतात. डॉक्टरची चिठ्ठी दाखवा म्हटलं की तोंड वाकडं, "दरवर्षी घेते की". कधीतरी नवरे येतात मागायला, तेव्हा मी मुद्दाम विचारते की बायकोला विचारलंय का. एकदा एक जण म्हणाला, आईने सांगितलंय. आता बोला.

आणखी एक गिऱ्हाईक आहे, गाव सांगत नाही. दोन गावं सोडून आमच्याकडे येतो पॅड घ्यायला. कापलेले केस, शर्ट, "मी आलो, मी घेतो" असं बोलतो, त्याच्या गावात त्याला मुलगी म्हणतात. पहिल्या वेळी मी सवयीने "काय गो, काय होया" म्हटलं, त्यानंतर दोन महिने तो आलाच नाही. आता मी "काय पाहिजे" एवढंच म्हणते, गो नाही नि रे नाही. सुप्रीम कोर्टाने २०१४ मध्ये तृतीयपंथीयांच्या हक्कांच्या निकालात, त्याला नालसा निकाल म्हणतात, सांगितलं होतं की आपण पुरुष, स्त्री की तृतीयपंथी हे ज्याचं त्याने ठरवायचं, पण ते मला नंतर माझ्या मुलाने दाखवलं, माझा गो त्याच्या आधीच सुटला होता. त्या गिऱ्हाइकाला वेष्टनाबद्दल मी कधी विचारलं नाही, विचारणारही नाही, घेतो आणि जातो, तेवढंच बरं.

म्हणून माझं उत्तर असं की पाकिटावर कुणाचंच नाव नको, पाळीसाठी आहे एवढं पुरे, खोकल्याच्या औषधावर आपण "खोकणाऱ्या व्यक्तींसाठी" थोडंच लिहितो. पण आरोग्याची माहिती देताना मुली आणि बायका हे शब्द काढू नका, जोडा. आमच्याकडे एका मीटिंगला कुणीतरी शहरातून तक्ता आणला होता, त्यावर सगळीकडे "मासिक पाळी अनुभवणाऱ्या व्यक्ती". मागे बसलेली एक म्हातारी विचारते, "ही व्यक्ती कोण? खयची?" सगळ्या हसल्या पण तिला खरंच कळलं नव्हतं, आणि जिला कळायला पाहिजे तिलाच कळलं नाही तर तक्ता कशाला.

कंपन्यांचं म्हणाल तर चिन्ह काढायला खर्च काय येतो हो. खऱ्या अडचणी वेगळ्याच आहेत. पॅडवरचा जीएसटी जुलै २०१८ मध्ये बारा टक्क्यांवरून शून्य झाला, कच्च्या मालावरचा भरलेला कर मात्र कंपनीला परत मिळत नाही, त्यामुळे गिऱ्हाइकापर्यंत बारा टक्के काही आले नाहीत. जनऔषधी केंद्रात सुविधा नावाचं पॅड ऑगस्ट २०१९ पासून एक रुपयाला आहे, पण आमच्या गावापासून ते केंद्र लांब. आणि वापरलेलं पॅड टाकायला प्रत्येक पाकिटासोबत पिशवी किंवा कागद द्यायचा असा घनकचऱ्याचा नियम २०१६ मध्येच झाला, तो किती जण पाळतात ते पाकीट उघडून तुम्हीच बघा. इकडे घंटागाडी नाही, कुणी परसात जाळतं, कुणी पुरतं, कुणी संडासात टाकतं आणि मग टाकी तुंबली की माणूस शोधत फिरतं.

शेवटी एक गोष्ट, कारण तुम्ही विचारलंय की इकडे कुणी असं लिहिलं तर. गेल्या वर्षी गावातल्या बचत गटाने कापडी पॅड शिवायला घेतले आणि लेबलवरचा मजकूर मला लिहायला सांगितला. मी "महिलांसाठी" लिहिलं होतं, मग दोन गावं सोडून येणाऱ्या त्या गिऱ्हाइकाचा विचार आला आणि खोडलं, आणि फक्त "पाळीसाठी कापडी पॅड" ठेवलं. मला वाटलं आता प्रश्न येणार, महिला का काढलं म्हणून, उत्तर तयार करून गेले होते. कुणी विचारलं नाही, दोन मिनिटांत मंजूर. भांडण झालं ते खालच्या ओळीवरून, "धुऊन कडक उन्हात वाळवा". एक म्हणाली, जून ते सप्टेंबर ऊन खयसून हाडू (कुठून आणू)? दुसरी म्हणाली, पडवीत दोरीवर घातलं तर सासरा बघतो, साडीखाली घातलं तर वास येतो. तिसरी म्हणाली, चुलीच्या वर टांगा, तर चौथी म्हणाली धुराने काळं होतं आणि गॅस आल्यापासून चूल पेटवतंय कोण. अर्धा तास. शेवटी पावसाळ्याची वेगळी ओळ घातली, एक्स्ट्रा जोड ठेवा, पंख्याखाली पूर्ण सुकवा, वरून गरम इस्त्री फिरवा, ओलं अजिबात वापरू नका. लेबल दीड इंचाने वाढलं आणि छापणाऱ्याने त्याचे जास्तीचे पैसे लावले.