राजा क्रूसेडवर, कारभार कोणाकडे?

प्रश्न : राजा रिचर्डने क्रूसेडवर, म्हणजे जेरुसलेमसाठीच्या ख्रिस्ती धर्मयुद्धावर, जाताना इंग्लंडचा कारभार विल्यम लाँगचँपकडे सोपवला होता. राजा जिवंत असताना हा माणूस दोन वर्षांत पदावरून गेला कसा? तो बाईच्या वेषात पळाला, हे खरं का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : दोष बराचसा रिचर्डच्या मांडणीत होता. डिसेंबर 1189 मध्ये तो निघाला तेव्हा लाँगचँप ईलीचा बिशप, चान्सलर, म्हणजे राजशिक्क्याचा धनी, आणि जस्टिशियर, म्हणजे राजाच्या माघारी राज्य चालवणारा मुख्य अधिकारी होता. 1190 मध्ये तो पोपचा प्रतिनिधीही झाला. उत्तरेचा कारभार डरॅमचा बिशप ह्यू द पिझे याच्याकडे होता. लाँगचँपने त्यालाही अटक करून बाजूला सारलं.

पण धाकटा भाऊ जॉन याला रिचर्डने सहा काउंट्या, म्हणजे जिल्ह्यांसारखे मुलूख, तोडून दिल्या होत्या : डर्बी, नॉटिंगहॅम, डॉर्सेट, सॉमरसेट, डेव्हन, कॉर्नवॉल. त्यांचा महसूल राजाच्या खजिन्यात येईनासा झाला. नॉटिंगहॅम आणि टिकहिल हे किल्ले मात्र रिचर्डने स्वतःकडे राखले. मुलूख एकाचा आणि किल्ला दुसऱ्याचा, तिथे तंटा ठरलेलाच.

ठिणगी पडली वारसाची. ऑक्टोबर 1190 मध्ये रिचर्डने सिसिलीत मेसिनाच्या तहात तीन वर्षांच्या आर्थरला, म्हणजे पुतण्याला, वारस ठरवलं. मग जॉन किल्ल्यांच्या मागे लागला. 1191 मध्ये लाँगचँपने लिंकनला वेढा घातला. किल्लेदार जेरार्ड द कॅमव्हिल जॉनच्या पक्षाला मिळाला होता; किल्ला लढवला त्याची बायको निकोला हिने. लाँगचँप तिथे अडकलेला असताना नॉटिंगहॅम आणि टिकहिल जॉनच्या हाती पडले. वेढ्यात गुंतलं की पाठ उघडी पडते, ती अशी.

एवढ्यावरही तो तगला असता. त्याला बुडवलं डोव्हरने. राजाचा सावत्र भाऊ जेफ्री, यॉर्कचा आर्चबिशप, सप्टेंबर 1191 मध्ये तिथे उतरला आणि सेंट मार्टिनच्या मठात आश्रयाला गेला. लाँगचँपची बहीण डोव्हरच्या किल्लेदाराची बायको. तिथल्या शिपायांनी आर्चबिशपला वेदीजवळून हातपाय धरून फरफटत बाहेर काढलं. जवळच्याच कँटरबरीत आर्चबिशप टॉमस बेकेटचा त्याच्याच चर्चमध्ये खून होऊन जेमतेम एकवीस वर्षं झाली होती. लोकांना काय आठवलं असेल, हे सांगायला नको.

आता रूआँचा आर्चबिशप वॉल्टर पुढे आला. रिचर्डने मेसिनाहून त्याच्याकडे पत्रं दिली होती : लाँगचँप ऐकेनासा झाला तर कारभार तू घे. वॉल्टरने ती महिनोन्महिने दडवून ठेवली आणि ऑक्टोबरमध्ये, सरदार एकवटल्यावर, बाहेर काढली. माझ्या मते या प्रकरणात सर्वांत शहाणा माणूस हाच. लाँगचँपविरुद्धची कारवाई राजाच्याच हुकमाने झाली, त्यामुळे ती बंड ठरली नाही, आणि जस्टिशियरपद जॉनला न जाता वॉल्टरकडे आलं. जॉनने त्याच दिवसांत लंडनकरांना त्यांचं कम्यून, म्हणजे शहराचा स्वतःचा कारभार, मान्य करून त्यांना आपल्या बाजूला वळवलं. लंडनच्या टॉवर किल्ल्यात कोंडलेला लाँगचँप काही दिवसांत शरण आला.

वेषांतराची गोष्ट येते ती कॉव्हेंट्रीचा बिशप ह्यू द नोनाँ याच्या पत्रातून, आणि तो लाँगचँपचा कट्टर वैरी. पळताना लाँगचँप डोव्हरला अडवला गेला आणि ऑक्टोबरअखेर समुद्रापार गेला, एवढं पक्कं. पत्रातलं बाईच्या हिरव्या झग्याचं वर्णन जपूनच घ्यावं. रिचर्डचा त्याच्यावरचा विश्वास मात्र उडाला नाही : 1197 मध्ये मरेपर्यंत लाँगचँप चान्सलरच होता.