वाट चुकल्यावर रानातले काय खावे? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न : मे महिन्यात खांडसहून भीमाशंकरला चढताना आम्ही दोघे वाट चुकलो आणि एक रात्र रानात काढली. जवळ बिस्किटांचा एकच पुडा होता. अशा वेळी काय शोधून खावे? (ठाणे)

उत्तर : एका रात्रीसाठी काहीच शोधण्याची गरज नव्हती. यकृतातला साखरेचा साठा साधारण दिवसभर पुरतो आणि त्यानंतर शरीर चरबी वापरू लागते. अंगावरच्या एक किलो चरबीत सुमारे 7,700 कॅलरी असतात, तर 100 ग्रॅम पिकल्या जांभळांतून जेमतेम 60 मिळतात. मूठभर फळांसाठी कड्याच्या तोंडाशी असलेल्या जाळीत शिरणे हा त्यामुळे तोट्याचा व्यवहार ठरतो, कारण तिथे पाय घसरण्याचा धोका उपाशी राहण्यापेक्षा कितीतरी मोठा असतो. मे महिन्यात खरी ओढ पाण्याची असते. दुपारी सावलीत बसून राहावे, मोबाइलला थोडीशी जरी रेंज असली तरी 112 क्रमांक लावून पाहावा आणि पहाटे कान देऊन ऐकावे, कारण कोंबड्याची बांग किंवा गुरांच्या गळ्यातली घंटा पायवाटेपेक्षा आधी गावाची दिशा सांगते. हाताशी ओळखीची करवंदे किंवा तोरणे असतील तर ती तोंड ओले राहावे म्हणून खुशाल खावीत.

प्रश्न : माकडे आणि पक्षी खातात ते फळ खावे, आणि ज्यातून पांढरा चीक निघतो ते टाळावे, हा नियम बरोबर आहे का? (नाशिक)

उत्तर : दोन्ही अर्धवट आहेत. काजऱ्याचे नारिंगी, गुळगुळीत फळ धनेश आवडीने खातो. त्याच फळातल्या चपट्या बियांत स्ट्रिक्नीन असते आणि माणसाचा जीव जाण्यास त्याची अगदी थोडी मात्रा पुरते. उलट करवंद तोडताच देठातून पांढरा चीक येतो, उंबरालाही येतो, आणि दोन्ही फळे पिढ्यान्‌पिढ्या खाल्ली जात आहेत. चिकाचा नियम पाळणारा उपाशी राहील आणि माकडांचा नियम पाळणारा कदाचित जगणारच नाही. उंबर मात्र फोडून, आतले किडे झटकून खावे. झाडाची पाने समोरासमोर आणि हाताला खरखरीत लागली तर तो काळा उंबर समजून सोडून द्यावा.

प्रश्न : आदिवासी बांधव करांदे आणि इतर कंद खातात. संकटकाळी कंद हा भरवशाचा आहार नाही का? उकळून खाल्ले तर विष जाते ना? (पुणे)

उत्तर : या प्रश्नामागच्या समजुतीमुळेच मला सर्वाधिक काळजी वाटते, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. कातकरी, ठाकर किंवा महादेव कोळी घरांत कडू करांदा खाल्ला जातो तो चकत्या करून, राख घालून उकळून आणि पाणी बदलून, म्हणजे चूल, भांडे, राख आणि भरपूर पाणी हाताशी असताना. शेवळांचेही तसेच आहे. पहिल्या पावसानंतर बाजारात येणारी ही भाजी काकड या रानफळाच्या आंबटाशिवाय घरात कोणी शिजवत नाही, कारण तिच्यातले कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक घशात रुततात आणि घसा सुजतो. वाट चुकलेल्या माणसाकडे पिशवीत यातले काहीही नसते. रानातला आहार म्हणून आपण वनस्पतींची नावे पाठ करतो आणि त्या खाण्याजोग्या करणारी कृती विसरतो.

दुसरी अडचण ओळखीची आहे. पावसाळ्यात करांद्याच्या वेलाला हृदयाच्या आकाराची पाने असतात आणि पुढे पानांच्या बेचक्यात बटाट्यासारखे गोळे लटकतात. तशीच रानात वाढणारी विषारी वेल कळलावी, तिचे पान टोकाशी वळून आधाराला धरते आणि फूल ज्वाळेसारखे असते. तेव्हा दोघांत गफलत होणे कठीण. पण हिवाळा सरता सरता दोन्ही वेल वाळून जातात, मागे उरतात सुतळीसारख्या काड्या आणि जमिनीतले कंद. कळलावीचा कंद बहुधा नांगरासारखा दुभंगलेला असतो, म्हणूनच संस्कृतात तिला लांगली म्हणतात, परंतु उकरताना तुटलेला तुकडा हाती आला तर तो आकार दिसणारच नाही. तिच्यातले कोल्चिसीन उकळूनही नष्ट होत नाही. काही तासांनी उलट्या-जुलाब सुरू होतात आणि मग अवयव निकामी होऊ लागतात. म्हणून रानात कंद उकरूच नये.

प्रश्न : आणि अळंबी? (कोल्हापूर)

उत्तर : नाही. घातक अळंबी खाल्ल्यावर पहिले सहा ते बारा तास काहीच जाणवत नाही आणि त्रास सुरू होईपर्यंत यकृताला इजा होऊ लागलेली असते. शिवाय तिच्यात पोषण इतके कमी असते की हा धोका पत्करण्याला काही कारणच उरत नाही.

प्रश्न : मुलगी दहा वर्षांची आहे आणि आमच्याबरोबर गडांवर येते. तिला किती झाडे शिकवावीत? (सातारा)

उत्तर : चार पुरेत : करवंद, तोरण, जांभूळ आणि उंबर. मात्र पुस्तकातल्या चित्रांवरून शिकवू नका. एकच वाट धरून त्याच झाडांकडे फुलोऱ्यात, कच्च्या फळांच्या वेळी आणि पिकल्यावर न्या. पान चुरगळून वास घेऊ द्या, काटे कुठे आणि कसे येतात ते बोटाने दाखवा, शक्य असेल तर पायथ्याच्या गावातल्या एखाद्या आजींना बरोबर घ्या. पाचवे झाड बिब्ब्याचे दाखवा, पण हात न लावता. त्याचे नारिंगी बोंड भाजून खातात हे खरे असले, तरी खाली लटकणाऱ्या काळ्या बीच्या तेलाने कातडीवर फोड येतात, आणि मुले नेमकी ती बी दगडाने फोडायला बसतात.