कोपऱ्यात १८४० लिहिलेल्या इंग्रजी नकाशावर १८६० नंतरची रेल्वे कशी?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: शेफील्डच्या जुन्या बाजारात आपण डर्बीशरचा, कापडावर चिकटवून घडी घातलेला नकाशा घेतला. त्याच्या एका कोपऱ्यात १८४० हे वर्ष आहे आणि विक्रेत्याने तो १८४० चाच म्हणून विकला, परंतु त्यावर बक्स्टनपर्यंत गेलेली रेल्वे दिसते. चिन्हांची सूची कोठेच नाही. डोंगरांवर केसांसारख्या रेघा आहेत, रस्त्यांवर ‘टी. जी.’ अशी अक्षरे आहेत, आणि एका रेल्वेवर ‘इन्क्लाइन्ड प्लेन’ असे लिहिलेले आहे. हा नकाशा खोटा आहे का, असे आपण विचारता.

खोटा नाही. वर्णनावरून तो ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटिश सरकारी नकाशा-खात्याच्या एक इंचास एक मैल या प्रमाणाच्या पहिल्या मालिकेतील दिसतो. ही मालिका १८०१ मध्ये केंट परगण्याच्या नकाशाने सुरू झाली. तिच्या सुट्या नकाशांवर सूची छापत नसत, त्यामुळे ती आपल्याला सापडली नाही यात आपली चूक नाही. कोपऱ्यातले वर्ष मात्र फसवे आहे. ते तांब्याच्या पत्र्यावरील मूळ कोरीवकाम पूर्ण होऊन नकाशा प्रथम प्रसिद्ध झाल्याचे वर्ष आहे. आपल्या हातातला कागद कधी छापला हे ते सांगत नाही. हे नकाशे जमवायला लागलो तेव्हा मीही असेच वर्ष वाचून एका मित्राला छातीठोकपणे चुकीचे उत्तर दिले होते.

या गोंधळाचे मूळ छपाईच्या पद्धतीत आहे. आपल्याकडच्या ताम्रपटासारखाच तांब्याचा पत्रा, फक्त त्यावरील सर्व काही उलटे कोरलेले. असा पत्रा दर छपाईला थोडा झिजतो. १८४० च्या दशकात ऑर्डनन्स सर्व्हेने विजेच्या साहाय्याने पत्र्याची प्रतिकृती काढण्याची युक्ती अंगीकारली. मूळ पत्रा तांब्याच्या क्षाराच्या द्रावणात ठेवून त्यावर विजेने तांब्याचा थर चढवला की कोरलेली रेघ उंचवट्याच्या रूपात उमटलेला साचा मिळतो, आणि त्या साच्यावर पुन्हा थर चढवला की मूळ पत्र्याचा जुळा भाऊ तयार होतो. ही पद्धत आल्यावर पत्रा झिजण्याची चिंता गेली आणि मूळ पत्र्याला धक्का न लावता जुळ्यावर नवी रेघ कोरणे सोपे झाले. नवी रेल्वे सुरू झाली की कारागीर ती कोरत आणि पुढच्या प्रती तिच्यासह छापल्या जात. कोपऱ्यातले वर्ष, तेव्हाचे प्रमुख कर्नल कोल्बी यांचे नाव आणि टॉवर ऑफ लंडनचा उल्लेख मात्र तसेच राहत. टॉवरमधील सर्व्हेची कचेरी तर १८४१ च्या आगीनंतर साउदॅम्प्टनला गेली होती, तरीही पत्र्यावर टॉवर कायम आहे.

म्हणून अशा नकाशाचे वय रेल्वेवरून काढावे लागते, आणि त्यासाठी डर्बीशरसारखा सोयीचा प्रदेश क्वचितच मिळेल. मिडलंड रेल्वेच्या बाजूने येणारा मार्ग ॲम्बरगेटहून मॅटलॉकमार्गे रोझलीपर्यंत १८४९ मध्ये पोहोचला आणि तेथे बरीच वर्षे थांबला. बेकवेलमार्गे बक्स्टनपर्यंत तो १८६३ मध्ये गेला. त्याच वर्षी लंडन अँड नॉर्थ वेस्टर्न कंपनीचा मार्ग उत्तरेकडून, व्हेली ब्रिजहून, बक्स्टनला आला, आणि दोन कंपन्यांची दोन स्थानके शेजारी शेजारी उभी राहिली. मिलर्स डेलहून न्यू मिल्सकडे जाणारा फाटा १८६७ मध्ये खुला झाला. याउलट होप खोऱ्यातून ईडेलमार्गे शेफील्डकडे जाणारा मार्ग १८९३-९४ चा आहे; त्यावरील टॉटली बोगदाच साडेतीन मैल लांब आहे. आपल्या नकाशावर न्यू मिल्सचा फाटा असेल आणि कॅसलटन व होप यांच्या परिसरात रेल्वेचा मागमूस नसेल, तर आपली प्रत १८६७ आणि १८९३ यांच्या दरम्यानची समजावी. कधीकधी खालच्या समासात, रेल्वे अमुक महिन्यापर्यंत भरल्या आहेत, अशी अगदी बारीक अक्षरांतील ओळ असते. ती सापडली तर हा सगळा खटाटोप वाचेल.

येथे एक सावधगिरी. कापडावर चिकटवलेले नकाशे पुष्कळदा निरनिराळे छापील कागद कापून जोडलेले असतात, आणि प्रत्येक कागदाचे मूळ वर्ष व छपाईचे वर्ष वेगळे असू शकते. म्हणून प्रत्येक तुकडा स्वतंत्रपणे तपासावा. जोडाच्या रेषेवर एखादी रेल्वे अचानक संपली, तर शेजारचा तुकडा जुन्या छपाईचा आहे असे समजावे.

आता ‘इन्क्लाइन्ड प्लेन’विषयी. ही क्रॉमफर्ड अँड हाय पीक रेल्वे. आपल्या नकाशावरील बहुतेक रेल्वे मागाहून कोरलेल्या असल्या, तरी ही मूळ पत्र्यावरचीच असणार, कारण ती १८३०-३१ मध्येच सुरू झाली होती. क्रॉमफर्डच्या कालव्यापासून व्हेली ब्रिजच्या कालव्यापर्यंत ३३ मैल, डोंगर ओलांडून. आधी विचार कालव्याचाच होता, पण त्या चुनखडीच्या पठारावर कालव्याला पाणी आणायचे कोठून? म्हणून रुळांचा मार्ग आला. सपाट भागात सुरुवातीला घोडे गाड्या ओढत, आणि चढावर माथ्यावरच्या इंजिनघरातील वाफेचे यंत्र दोराने वाघिणी वर खेचत असे. नकाशावरचे ‘इन्क्लाइन्ड प्लेन’ म्हणजे हाच दोराचा चढ. आपण पुण्या-मुंबईकडच्या असाल तर तुलना लगेच लक्षात येईल: भोर घाटातील सर्वांत तीव्र चढ ३७ फुटांना एक फूट आहे, आणि तेवढ्यासाठी गाडीला मागून जादा इंजिने लावावी लागतात. या क्रॉमफर्ड मार्गावरील मिडलटनचा चढ सव्वाआठ फुटांना एक फूट आहे. तेथील इंजिनघर आजही उभे आहे. शेफील्डहून एका दिवसात पाहून येता येईल.

केसांसारख्या रेघा म्हणजे डोंगरांचा उतार. समोच्चरेषा एकाच उंचीवरून डोंगराला वळसा घालते, तर या बारीक रेघा पाणी वाहील त्या दिशेने खाली उतरतात. जेथे त्या जाड आणि दाट, तेथे उतार तीव्र. जेथे कागद पांढरा, तेथे सपाटी. मग ती दरीच्या तळाची की पठाराच्या माथ्याची, हे नदी कोठे आहे ते पाहून ठरवायचे. त्यांवरून उंची कळत नाही, हा त्यांचा मोठा दोष. मात्र नकाशा हातभर दूर धरून तिरपा पाहिला तर जमिनीची घडण जशी डोळ्यांपुढे उभी राहते, तशी समोच्चरेषांनी राहत नाही, असे माझे मत आहे. रेल्वेच्या कडेलाही जागोजागी अशाच आखूड रेघा दिसतील. रेघेचे जाड टोक रुळांकडे आणि निमुळते टोक बाहेर असेल तर तो भराव. जाड टोक बाहेर आणि निमुळते रुळांकडे असेल तर तेथे जमीन खोदून रूळ खाली नेले आहेत. जाड टोक नेहमी उताराच्या वरच्या बाजूला असते, एवढे लक्षात ठेवले की पुरे.

रेल्वेची रेघ तुटक झाली किंवा नाहीशी झाली की बोगदा समजावा. बेकवेलच्या दक्षिणेला हॅडन हॉल या जुन्या वाड्याजवळ असे दिसेल. तेथील बोगदा डोंगराने लादलेला नव्हता. वाड्यातून आगगाडी दिसू नये अशी ड्यूक ऑफ रटलंड यांची अट होती, म्हणून मार्ग जमिनीखाली गेला.

‘टी. जी.’ म्हणजे टोलनाका. ज्या रस्त्याची एक कड जाड आणि दुसरी बारीक आहे तो टोलचा मोठा रस्ता. जेथे कड ठिपक्यांची आहे तेथे त्या बाजूला कुंपण किंवा भिंत नाही. याच नाक्यांमुळे आपला नकाशा कोणत्याही एका वर्षाचा उरत नाही. रेल्वे भरण्याची तत्परता जुन्या गोष्टी खोडण्यात नव्हती. १८७० आणि १८८० च्या दशकांत टोलचे रस्ते एकामागून एक मुक्त होत गेले, तरी पत्र्यावरचे नाके जागच्या जागी राहिले. तेव्हा १८६७ नंतरची रेल्वे आणि १८४० च्या आसपासचे नाके, वाटा व घरे एकाच कागदावर नांदत आहेत. एखाद्या गावाचा विस्तार या नकाशावरून सांगताना ही गोष्ट विसरू नये.

बाकीची चिन्हे सोपी आहेत. उद्याने बारीक ठिपक्यांनी भरलेली, पवनचक्की छोट्या चित्राने दाखवलेली, आणि प्राचीन अवशेषांची नावे जुन्या गॉथिक वळणाच्या अक्षरांत. नावांत मात्र एक गंमत आहे: ‘लो’ हे नाव या भागात सखल जागेला नसून टेकडीला किंवा प्राचीन दफनाच्या उंचवट्याला असते, कारण तो निराळाच जुना इंग्रजी शब्द आहे. ‘रेक’ म्हणजे शिशाच्या खनिजाची लांबलचक शीर, आणि ‘सफ’ असा उच्चार होणारा शब्द म्हणजे खाणीतले पाणी बाहेर काढण्यासाठी खोदलेला भुयारी पाट.

विक्रेत्याने १८४० ची किंमत लावली असेल तर ती जास्त आहे, कारण रेल्वे भरलेल्या नंतरच्या प्रती सहज मिळतात. तरी परत करण्याची घाई करू नका. आधी वर सांगितल्याप्रमाणे प्रत्येक तुकडा पाहा. त्यांतील एखाद्यावर क्रॉमफर्डच्या मार्गाखेरीज दुसरी रेल्वेच नसेल, तर निदान तेवढा तुकडा खरोखर १८४० च्या जवळचा निघू शकेल. तसा निघाला तर त्याच्या कडेवरील मजकूर मला येथे जरूर लिहून कळवावा.