स्टुडिओ आणि एलईडी वॉल परवडत नसेल तर गावात व्हर्च्युअल प्रॉडक्शन करून सस्पेन्स शॉर्ट फिल्म बनेल का?

गडचिरोली जिल्ह्यातल्या वडशाजवळ राहता आणि रात्री जंगलातल्या रस्त्यावर गाडी बंद पडते अशी गोष्ट आहे, असं तुम्ही लिहिलंय. बनेल. ही गोष्ट तर या पद्धतीला, म्हणजे मागे पडद्यावर कॉम्प्युटरमधलं दृश्य चालवून पुढे नटांचं शूटिंग करायला, फारच सोयीची आहे. ब्रह्मपुरीकडच्या रस्त्यावर रात्री अख्खं युनिट घेऊन उभं राहणं म्हणजे आधी परवानगीचं लफडं, आणि वाघ काही परवानगी पाहून येत नाही.

मागे पडद्यावर रस्ता चालवून पुढे उभ्या गाडीत नट बसवायची युक्ती हॉलिवूडमध्ये १९३० च्या दशकापासून आहे. आता मागचं जंगल अनरियल इंजिन या गेम बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये उभं करता येतं आणि कॅमेरा हलला की तेही त्या हिशेबाने हलतं. वर्षाची कमाई १० लाख डॉलरच्या आत असेल तर सॉफ्टवेअर फुकट आहे, म्हणजे आपल्याला फुकटच. पण गाडीतले शॉट स्टँडवर घेतले तर ट्रॅकिंगची, म्हणजे कॅमेऱ्याची हालचाल कॉम्प्युटरला कळवायची, भानगडच नको.

राईस मिलचं रिकामं गोदाम बघा, बोलेरो आत घ्या, काचेबाहेर मोठा टीव्ही लावा. रात्र दाखवायची म्हणून टीव्हीचा ब्राइटनेस कमी करू नका. बरेच टीव्ही उजेड कमी करताना आतला लाइट भराभर चालू-बंद करतात. डोळ्याला कळत नाही, कॅमेऱ्यात पट्टे येतात. ब्राइटनेस पूर्ण ठेवून चित्रच काळोखं करा. कॅमेरा सेकंदाला २५ फ्रेमवर, शटर १/५० सेकंदावर ठेवा. फोकस नटाच्या डोळ्यांवर आणि मागचं धूसर. फोकस टीव्हीवर गेला की जाळीसारखी नक्षी उमटते.

लग्नातली एलईडी वॉल भाड्याने मिळाली तर ती मागे लावू नका, तिचे बारीक दिवे दाण्यांसारखे सुटे दिसतात. फ्रेमबाहेर, गाडीच्या बाजूला उभी करा. काळ्या चित्रावर एक पांढरा गोळा हळूहळू सरकवला की समोरून गाडी गेल्यासारखा उजेड काचेवरून, मग गालावरून जातो. माझ्या मते सगळा खेळ इथेच आहे. मागचं जंगल थोडं खोटं असलं तरी खपतं, चेहऱ्यावरचा उजेड खोटा असला की खपत नाही.

खऱ्या रस्त्याचा व्हिडिओ वापरणार असाल तर तो दिवस बुडाल्या-बुडाल्या, आभाळात निळसर उजेड असताना काढा आणि नंतर काळोखा करा. पूर्ण अंधारात काढलेल्यात नुसते दाणे येतात. कॅमेरा गाडीत बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर.

जंगल अनरियलमधलं असेल तर झाडामागची सावली कीबोर्डच्या बटणावर ठेवा आणि ती नेमकी कधी येणार ते नटाला सांगू नका. हिरव्या पडद्यासमोर त्याला घाबरायचं नाटक करावं लागतं, इथे तो खरंच दचकतो.

कॉम्प्युटरला यूपीएस हवाच. लाइटचं आपल्याकडे माहीतच आहे.

नट झाडीपट्टीतले, म्हणजे आपल्याकडच्या मंडपातल्या नाटकांतले घ्या, पण त्यांना मंडपातल्या शेवटच्या माणसापर्यंत आवाज फेकायची सवय असते. गाडीत कॉलर माइक लावून कुजबुजायची तालीम वेगळी घ्यावी लागेल. दिवाळीनंतर ते प्रयोगांत अडकतात, होळी होईपर्यंत सापडायचे नाहीत. शूट उन्हाळ्यात ठेवा. टिनाखाली दिवसा बसवत नाही, पण तुम्हाला तसंही रात्रीच काम करायचंय.