दोन कंट्रोलर असूनही क्लाउड अडला, तो का?

प्रश्न : आमच्या कंपनीत ओपनस्टॅक या मुक्त क्लाउड सॉफ्टवेअरवर खासगी क्लाउड आहे. त्याचा कारभार पाहणाऱ्या मशीनपैकी एक कंट्रोलर अंधेरीत, दुसरा महाप्यात, मध्ये फायबर. बसवताना एक मशीन बंद करून पाहिलं, सगळं सुरळीत चाललं. पावसाळ्यात खोदकामात फायबर तुटली, तेव्हा दोन्ही मशीन चालू असूनही डॅशबोर्डवर लॉगिन होईना. साहेब तिसऱ्या कंट्रोलरचे पैसे द्यायला तयार नाहीत. काय करावं?
— एक वाचक, अंधेरी

उत्तर : चाचणीनेच तुम्हाला फसवलं. मशीन रीतसर बंद केलं की त्यावरचा गॅलेरा (दोन्हीकडचे डेटाबेस एकसारखे ठेवणारं सॉफ्टवेअर) ‘मी जातो’ असं सांगून जातो, आणि उरलेला एकटा स्वतःला पूर्ण क्लस्टर समजतो. फायबर तुटल्यावर असा निरोप कोण देणार? गॅलेरात प्रत्येक मशीनला एक मत, आणि काम चालू ठेवायला बहुमत लागतं. दोन्हीकडे निम्मीच मतं उरली, निम्मं म्हणजे बहुमत नव्हे, म्हणून दोन्ही डेटाबेस ‘नॉन-प्रायमरी’ होऊन गप्प बसले. ते योग्यच केलं. कंट्रोलरचा सामाईक पत्ता, म्हणजे व्हर्च्युअल आयपी, सांभाळणारा कीपअलाइव्हड मात्र मतबित मोजत नाही. समोरून आवाज थांबला, की तो व्हर्च्युअल आयपी आपल्याकडे ओढतो. म्हणजे पत्ता दोघांकडे, डेटाबेस कुणाकडेच नाही. चालू व्हीएम (क्लाउडवरची आभासी मशीन) बहुधा बंद पडल्या नसतील, त्यांना क्षणोक्षणी कंट्रोलर लागत नाही. लॉगिन आणि नवी व्हीएम बनवणं तेवढं अडतं.

बहुमताकडे काणाडोळा करायची सेटिंग गॅलेरात आहे. कृपा करून तिच्या वाटेला जाऊ नका. पुढच्या वेळी दोन्ही बाजू वेगवेगळं लिहीत बसतील आणि ते जुळवता जुळवता तुमचा गणपती जाईल.

साहेबांना सांगा, तिसरा लागतो तो मतापुरता. गॅलेराचा आर्बिट्रेटर, म्हणजे ‘गार्बडी’, डेटा साठवत नाही, लहानशा मशीनवर चालतो. पण ओपनस्टॅकच्या भागांमधले निरोप पोचवणाऱ्या रॅबिटएमक्यूला असा नुसता मतदार चालत नाही. 2024च्या 4.0 आवृत्तीतून निरोपांच्या जुन्या मिरर्ड (नुसत्या प्रती ठेवणाऱ्या) रांगा गेल्या, आता बहुमतावर चालणाऱ्या क्वोरम रांगा आणि त्यांना तीन नोड, म्हणजे तीन मशीन, हवेत. तेव्हा मशीन लहान असलं तरी चालेल, मात्र ते ठाण्यासारख्या तिसऱ्या जागी ठेवा, तिथून दोन्हीकडे वेगळी लाइन घ्या. अंधेरीतच ठेवलंत तर अंधेरीची वीज गेल्यावर दोन मतं एकदम जातील. त्याच क्लाउडमधल्या व्हीएमवर तर मुळीच नको!

चौथा घेऊ म्हणाले तर नको म्हणा. चारातही एकच पडलेला चालतो.

यापुढे चाचणी करताना पॉवर बटणाला हात लावू नका. व्हीएम बनत असतानाच महाप्याची नेटवर्क केबल उपसा, आणि साहेबांना शेजारी उभं करा.