६क्ष² + ११क्ष − १० सारख्या त्रिपदीचे अवयव अंदाज न लावता कसे पाडावेत?

पहिल्या पदाचा सहगुणक आणि स्थिरपद यांचा गुणाकार करून, गुणाकार तेवढाच आणि बेरीज मधल्या पदाच्या सहगुणकाइतकी येईल अशा दोन संख्या शोधाव्यात आणि त्यांनुसार मधले पद फोडावे. येथे ६ × (−१०) = −६० हा गुणाकार ऋण असल्यामुळे दोन्ही संख्यांची चिन्हे भिन्न असणार, म्हणून ६० च्या जोड्यांमध्ये ११ चा फरक असलेली जोडी पाहावी: ६० व १, ३०  व २, २० व ३ या जोड्या जुळत नाहीत, १५ व ४ जुळते. म्हणून ६क्ष² + १५क्ष − ४क्ष − १० = ३क्ष(२क्ष + ५) − २(२क्ष + ५) = (२क्ष + ५)(३क्ष − २). दुसऱ्या गटातून −२ सामाईक काढताना कंसातले चिन्ह बदलते, आणि बहुतेकांचे उत्तर नेमके तिथेच चुकते.

ही रीत चालते याचे कारण असे की (पक्ष + फ)(बक्ष + भ) हा गुणाकार केला असता मधले पद पभ आणि फब यांच्या बेरजेतून तयार होते, आणि या दोहोंचा गुणाकार पब × फभ, म्हणजेच पहिला सहगुणक गुणिले स्थिरपद, इतकाच असतो. मात्र मधल्या सहगुणकाच्या वर्गातून पहिला सहगुणक व स्थिरपद यांच्या गुणाकाराची चौपट वजा केल्यावर पूर्ण वर्ग मिळाला (येथे १२१ + २४० = ३६१ = १९²), तरच पूर्णांक सहगुणकांचे अवयव पडतात; क्ष² + क्ष + १ मध्ये ही वजाबाकी −३ येते, त्यामुळे तिथे जोडी शोधत बसू नये.