वॅक्स केलं तरी गाडीवर डाग का?

प्रश्न: मागच्या महिन्यात काळ्या गाडीला वॅक्स केलं. पाणी मारलं की मोत्यासारखे थेंब होतात, बघायला भारी वाटतं, पण वाळले की त्याच जागी पांढऱ्या गोल रिंगा. आधी एवढं दिसत नव्हतं. वॅक्स डुप्लिकेट आहे का? सोसायटीत बोअरचं पाणी आहे.

उत्तर: नाही हो, थेंब होतायत म्हणजे वॅक्स काम करतंय. अळवाच्या पानावर पाणी ठरत नाही तसंच काहीसं हे, वॅक्समुळे पाणी पसरत नाही, गोळा होतं. खरा घोळ बोअरच्या पाण्याचा, त्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार असतात, पाणी उडून जातं आणि क्षार मागे राहतात, बादलीच्या कडेला पांढरा थर बसतो ना, तोच हा. वॅक्स नसताना ते पातळ पसरायचे, आता एका थेंबाचा सगळा क्षार एका टिकलीएवढ्या जागेत साचतो. त्यात काळा रंग, म्हणजे काही लपतच नाही.

उन्हात धुऊ नका. शेवटी पाइपचं नोझल काढून टपावरून संथ धार सोडा, बरंचसं पाणी एकत्र वाहून जातं, उरलेलं मायक्रोफायबरने लगेच टिपून घ्या (घासू नका!). आत्ताचे डाग शॅम्पूने जात नसतील तर पांढरं व्हिनेगर आणि तेवढंच पाणी मिसळून कापडाने हलकं लावा, मिनिटभराने धुऊन टाका. तेवढ्या भागातलं वॅक्स थोडं जाईल, परत एक हात मारावा लागेल.